कागदावरची चिलटं

प्रिय बाबा,

परवा तुमच्या वर्षश्राद्धाचं ठरवायला बसलो होतो. बोलता बोलता दादा म्हणाला, "शेवटी बाबांचं डोकं साथ देत नव्हतं. स्वतः बांधलेल्या गळाच्या माश्या कुठं ठेवल्या, तेही आठवेना!" आई हळहळली. मीही मान हलवली. म्हणून हे पत्र.

तुम्ही विसरला नव्हतात, बाबा. त्या मी टाकल्या.

किती हसायचो आम्ही तुम्हाला! मराठवाड्याचा माणूस, आणि दर उन्हाळ्यात हिमाचलात जाऊन बर्फाच्या पाण्यात उभा राहतो, ट्राउट माशासाठी! आई म्हणायची, "खायचा नाही, नुसता धरायचा न् सोडायचा. मग धरता कशाला?"

"ओळख करून घ्यायला," तुम्ही.

शहागंजातल्या रेशीमवाल्यानं एकदा विचारलं होतं, "साब, इत्ते बारीक धागे में क्या सीते जी?"

"मच्छर का कुर्ता!"

माशाला भुलवायला तांदळाच्या कणीएवढा गळ, त्यावर धाग्याचे चार वेढे, पिसाचा एक तंतू. तुम्ही माशी म्हणायचात, पण दिसायचं चिलटच. "पाण्यावर चिलटं असली की ट्राउट मोठ्या माशीकडं बघतसुद्धा नाही, मनू."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दवाखान्यात होतात. घरी आल्यावर डोळ्यात धूळ जायला नको, म्हणून मी तुमची खोली पुसायला घेतली. खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर मेलेली चिलटं दिसली. ओल्या फडक्यानं टिपून घेतली. मोरीत फडकं खळबळताना बोटाला टोचलं.

डायरीत मी लिहिलंय, 'नंतर लक्षात आलं.' नंतर म्हणजे कधी? तेव्हाच आलं, बाबा. नळ चालू होता. थंडीभर बांधलेल्या तुमच्या माश्या जाळीतून खाली गेल्या होत्या.

डोळा बरा होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. डोळा बरा झाला आणि तुम्ही शोधायला लागलात. कपाटं, खण, गादीखाली. शेवटी आईला म्हणालात, "मीच कुठं तरी ठेवल्या असणार. आता माझा भरवसा नाही." मी तिथंच चहा गाळत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त!

तुम्ही हिमाचलचं तिकीट रद्द केलंत. "डोंगरात वाट विसरलो तर लोकांना ताप." नदी पुन्हा दिसलीच नाही तुम्हाला. साधी किल्ली सापडली नाही तरी आमच्या तोंडाकडं बघायला लागलात. ते बघणं मी पाहिलंय.

आणि तुम्ही तरी! एकदाही विचारलं नाहीत, "मनू, तू पाहिल्यास का?" विचारलं असतंत तर मला खोटं बोलता आलं नसतं. की आलं असतं?

श्राद्धाला गंगापूरची मंडळीही येतील. पानं वाढायच्या आधी सगळ्यांसमोर सांगेन, की बाबांनी माश्या ठेवल्या तिथंच होत्या. दादा चिडेल, आई बोलणं टाकेल. चालेल. 'चुकून' हा शब्द फक्त पुसण्यापुरता वापरेन. गप्प बसले, ते चुकून नव्हतं.

तुमची,
मनू