करवतीचे दुसरे टोक

मी, खाली सही करणारा, लाकडाच्या वखारीचा मालक, आज पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे गेले, दात गेले. पाचवीतल्या कविता मात्र चालीसकट शाबूत आहेत. त्यावरूनच माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी मान्य केले. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर पुष्कळांचे दडपण न जुमानता मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची व्यवस्था रद्द समजावी.

१. राहते घर आणि त्यातले सगळे चिरंजीवांना. खिडकीजवळची आरामखुर्ची सूनबाईंची. त्यांना घरात बसलेले मी कधी पाहिले नाही.

२. वखारीचा पुढचा भाग चिरंजीवांचा. मागचा भाग माझ्या जोडीदाराचा होता व आहे. आम्ही एका बाकावर शिकलो, एकाच करवतीची दोन टोके धरून म्हातारे झालो. दंगलीत त्याच्या लोकांना पुलापलीकडे हाकलले, तिथेच तो वारला. तो भाग त्याच्या मुलीला मिळावा.

चिरंजीव म्हणतात, ते लोकच तसले. लहानपणी याच तसल्या माणसाच्या खांद्यावर डोके टेकल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. जोडीदार इथे होता तोवर त्यांना त्याचा राग नव्हता. त्याच्या मागच्या भागात चिरंजीवांनी स्वतःचे यंत्र बसवले आणि राग सुरू झाला. ज्याची जागा घेतली त्याला वाईट ठरवल्याखेरीज माणसाला तिथे स्वस्थ बसता येत नसावे. अख्ख्या गल्लीचे तेच झाले आहे. पूर्वी नळावर भांडणे होत, संध्याकाळपर्यंत मिटत. आता भांडायला समोर कोणी नाही, म्हणून मिटतही नाही.

३. करवत. एकाने ओढायची, तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायची. ढकलली की पाते वाकते. ताल राहावा म्हणून आम्ही शाळेतल्या चालीवर दोन ओळी जुळवल्या होत्या:

ओढ गड्या तू, सोडतो मी,
सोड गड्या तू, ओढतो मी.

परवा अंगणात नात दोरीवर उड्या मारत म्हणत होती:

ओढ गड्या तू, धरतो मी,
पुलापलीकडला चिरतो मी.

ठेका कुठेही चुकत नव्हता. हे कोणी शिकवले म्हणून विचारले, तर म्हणाली, "सगळ्यांनाच येतं, आजोबा. तुम्हाला नाही येत?"

करवत नातीला द्यावी. आधीच्या दोन ओळी सूनबाईंनी तिच्याकडून पाठ करून घ्याव्यात.

४. कलम दोन ऐकून चिरंजीव हसले. "लिहा की, बाबा. सही करायला कोण येतंय तेही बघू." दोन साक्षीदारांशिवाय हा कागद रद्दी आहे, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाईंनी सही केली. त्या गल्लीत राहत नाहीत. मग शेजारचे दुकानदार आले. कलम दोनपर्यंत वाचून त्यांनी पेनाला टोपण लावले आणि पेन माझ्या हातात परत दिले. "काका, मला इथंच राहायचंय."

माणूस वाईट नाही. त्याच्या दाराची चौकट आम्ही दोघांनीच चिरली होती.

ठिकाण: वखारीचा मागचा भाग
तारीख: दुसरी सही होईल त्या दिवसाची

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: