सुईविना साखर

१२ मार्च १९८९, रविवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने नोंदी ठेवल्याच पाहिजेत. छत्तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, एकानेही ठेवल्या नाहीत.
पार्श्वभूमी: संक्रांतीनंतर मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट ठेचकाळलं. जखम अजून ओली. डॉ. केतकर म्हणाले, रक्तातली साखर तपासून घ्या, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर. म्हणजे सुई दोनदा. लागलंय पायाला आणि भोकं दंडाला, हा कुठला न्याय? मी सुईला भीत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ मार्च
मालिनीने वटहुकूम काढला. रिपोर्ट येईपर्यंत गोड बंद. चहा बिनसाखरेचा. आणि यंदा आढी लागली तरी मला आंब्याची फोडसुद्धा नाही. आंब्याच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला. हिचं माहेर पूर्णगड. किल्ल्याखालची माणसं, हट्टी असायचीच.
त्यात काशीने आगीत तेल ओतलं. ही आमच्याकडे वीस वर्षं धुणंभांडी करते. म्हणे मास्तर जातात त्या मोरीत मुंग्ये लागतंत, माज्या सासऱ्याचापन असाच झालता. आता मुंग्या निदान करणार!

१९ मार्च, रविवार, दुपारी ३
युरेका! मुंबईच्या मेव्हण्याने एका इंग्रजी शोधनिबंधाची झेरॉक्स पाठवली. कातडीवर दोन ठिकाणी विद्युत्‌भार लावून मंद करंट सोडला की आतलं पाणी आपोआप वर खेचलं जातं, आणि त्या पाण्याबरोबर साखरही. रक्त नको, सुई नको! हे अमेरिकेत करतात तर रत्नागिरीत का नाही? फिजिक्स तेच आहे.
शेवटचं पान वाचलं नाही. शेवटी नुसत्या शंका असतात.
कार्यक्रम: चार दिवसांत यंत्र, आठ दिवसांत रिपोर्ट, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आंबा.

२७ मार्च
यंत्राला विलंब. कारणं सर्वस्वी घरगुती.
सेल ट्रान्झिस्टरमधले काढले. मालिनीची दुपारची श्रुतिका बुडाली. करंट मोजायला मिलिअँमीटर आणि कमीजास्त करायला ऱ्हिओस्टॅट माझ्याकडे आहेतच (निवृत्तीच्या दिवशी शाळेतून चुकून पिशवीत आले). करंटसाठी चांदीच्या चकत्या हव्या होत्या. देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचे, राजाच्या छापाचे दोन चांदीचे रुपये होते, त्यांना सोल्डरने तारा डाखल्या. मालिनी म्हणाली, लक्ष्मीला डाग दिलात, आता हिच्यापुढे कुठल्या तोंडाने हात जोडू? मी म्हटलं, लक्ष्मी विज्ञानाच्या विरोधात नाही. यावर ती जे बोलली ते नोंदीत घेत नाही.

२ एप्रिल, रविवार
प्रयोग क्र. १. दोन्ही रुपयांखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गॉज, वर रबरबँड, हात टेबलावर, अर्धा तास. मुंग्या आल्या (हाताला). मग गॉज पिळून बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात घातलं, स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं. साखर नसेल तर ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, आणि भरपूर असेल तर विटेसारखं लाल.
निळं! स्वच्छ, पुळ्याच्या समुद्रासारखं निळं!
मालिनीला नळी दाखवली. किल्ली मागितली. म्हणाली, हा काय रिपोर्ट? यावर डॉक्टरचा सही-शिक्का कुठाय?

९ एप्रिल
सही-शिक्का नसेल तर पडताळा हवा. म्हणून दत्तात्रेयला बोलावलं. निवृत्त पोस्टमास्तर, माझा शाळासोबती, दहा वर्षांचा मुरलेला मधुमेही, सकाळ-संध्याकाळ गोळी. त्याच्या गॉजमध्ये साखर निघाली की यंत्र सिद्ध.
निळं.
अर्धा तास विचार केला. निष्कर्ष एकच: दत्तूला मधुमेह नाही! दहा वर्षं बिचाऱ्याला फसवलं डॉक्टरांनी. त्याला तसं सांगितलं. तो बरं हो म्हणाला आणि माझ्यासमोर खिशातून गोळी काढून गिळली. शिकलेल्या माणसांची ही अंधश्रद्धा!

१६ एप्रिल
करंट वाढवला. झेरॉक्समधल्या आकड्याच्या चौपट. मनगट भाजलं. गॉज सरकल्यामुळे कातडीवर राजाचं डोकं मुकुटासकट उमटलं. स्वातंत्र्याला बेचाळीस वर्षं होत आली आणि माझ्या हातावर हा शिक्का. खाज फार.
द्रावण निळं. मला साखर नाही हे आता चौथ्यांदा सिद्ध झालं. तरी किल्ली नाही.
बोट जांभळट दिसतंय. रक्तपुरवठा वाढल्याचं लक्षण.

३० एप्रिल
घरभर आंब्याचा वास. शेजारी आंबे, पाहुण्यांना आंबे, काशीच्या घरी पाठवायला आंबे. मला काकडी. मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर माझ्या प्रयोगावर विश्वास का नाही? मालिनी म्हणाली, काळजी आहे म्हणूनच नाही. पुढे म्हणाली, अहो, मी येते बरोबर, हात धरून बसते, डोळे मिटून घ्या हवं तर. मी सुईला भितो असं हिच्या डोक्यात कोणी भरवलं? फार संताप आला. जेवलो नाही. मग जेवलो.

७ मे, रविवार, संध्याकाळी ७
आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी!
सकाळी पावसला दत्तूच्या भाच्याची मुंज. दुपारी परत आलो आणि लगेच प्रयोगाला बसलो (क्र. ११). द्रावण उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं, आणि डोळ्यांदेखत लाल! वीटच!
यंत्र चालतं! नाचत स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, मालिनी, साखर आहे! भरपूर आहे! तिने कढईखालचा गॅस बंद केला आणि मट्‌कन पाटावर बसली. मी म्हटलं, अगं रडतेस काय, हे यंत्राचं यश आहे!
मग तिने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, प्रेमाने. तिने मनगट नाकाशी नेलं. विचारलं, पावसला आंबे किती चोखलेत?
सात. रायवळ होते, बारके. रस कोपरापर्यंत ओघळतो, त्याला मी काय करू? हात धुतले होते. मनगटापर्यंत नसतील.

८ मे
अबोला. प्रयोग क्र. ११ वहीतून खोडला. यंत्र निर्दोष, दोष आंब्याचा.

१५ मे
घोर विश्वासघात. मी वाचनालयात गेलो असताना मालिनीने माझं बेनेडिक्टचं द्रावण काढलं, दत्तूकडून रीत विचारून घेतली, आणि सकाळी मोरीत गुपचूप ठेवलेल्या तांब्यात माझं जे जमा झालं होतं त्याचे आठ थेंब घालून उकळलं. घरी आलो तो नळी टेबलावर उभी. लाल.
अशास्त्रीय! नळी विसळलेली नसणार. थेंब मोजले कोणी? शिवाय संमती? काशी दारात उभी राहून म्हणाली, मी सांगत हुतंच. दोघींनाही प्रयोगपद्धतीवर पंधरा मिनिटं सांगितलं. पहिल्या पाच मिनिटांत काशी गेली.
मालिनी शेवटी हात जोडून म्हणाली, तुमच्या पाया पडते, एकदा रक्त द्या. जोडलेले हात बघवेनात. म्हटलं, यंत्रात एक सुधारणा बाकी आहे, ती झाली की जाऊ.

२८ मे, रविवार
सुधारणा चालू. सेल संपले.
बोट आता दुखतही नाही. टाचणी लावून पाहिली तरी कळत नाही. म्हणजे बरं होत आलं. मालिनीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. या बाईला चांगली बातमी म्हणून पचत नाही.

२ जून
बोटाचं टोक काळं. आयोडीनचा डाग असेल. आयोडीन लावलं नव्हतं. वास येतो.
मालिनीने रिक्षा आणली. बसलो.

५ जून, सोमवार
शुक्रवारी तपासणी झाली. आज दवाखान्यात पडल्यापडल्या लिहितो आहे.
लॅबमध्ये विमला निघाली, एकाहत्तरच्या बॅचची, फिजिक्समध्ये दोनदा नापास. मी डोळे घट्ट मिटले, अथर्वशीर्ष सुरू केलं, दुसरं आवर्तन आलं तरी काही होईना. शेवटी चिडून विचारलं, अगं केव्हा टोचणार? ती म्हणाली, सर, झालं की, कापूस दाबून धरा.
इतकंच. मुंगी चावते तेवढंही नाही. तीन महिने वाया घालवले मी!
साखर तीनशे ऐंशी. डॉ. केतकरांनी पाय बघितला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, बोट काढावं लागेल, उद्याच, नाहीतर पाऊल जाईल. मी विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? म्हणाले, गोळ्या दिल्या असत्या. मलम दिलं असतं.
मालिनी शेजारच्या स्टुलावर होती. मला वाटलं, आता बोलेल, ऐकून घ्यायची तयारी केली होती. तिने माझी चप्पल उचलून पिशवीत घातली, फक्त उजवी. फार वाईट वाटलं.