अर्धी डिक्शनरी

कोरीट, माघ, १९४४

प्रिय भाईदास,

आमच्या दाराच्या कडीवर तू काठीनं ठोकायचास, तो आवाज अजून कानात आहे. तू आत येण्याआधी तुझा शब्द यायचा, मग अर्थ, मग जात: नाम, क्रियापद, विशेषण. गावात इंग्रजी शिकणारे आपण दोघेच आणि डिक्शनरी एक. ती मधोमध फाडून अर्धी तू घेतलीस, अर्धी मी. आपापल्या अर्ध्यातले शब्द दुसऱ्याकडून पाठ करून घ्यायचे, असं ठरलं. माझे शब्द मी तुला खरे दिले.

अभ्यासाच्या कवितेतल्या त्या समुद्रकाठच्या मुलीला कवीनं 'फॉरलॉर्न' म्हटलं होतं. शब्द तुझ्या अर्ध्यातला. तू म्हणालास, 'सगळ्यांची लाडकी, विशेषण.' किती गोड वाटला तो मला. परीक्षेत तसाच लिहिला. शिष्यवृत्ती एकालाच होती. तू धुळ्याला गेलास, मी इथे मराठी शाळेत मास्तर झालो. भाईदास हुशारच, असं आजवर सांगत आलो. मित्रानं दिलेला अर्थ कोण पुन्हा तपासतं?

लग्नानंतर धनुबाईनं विचारलं, 'इंग्रजीमा माले काय म्हंतस?' मी तोच शब्द दिला. तेव्हापासून ती त्या हाकेला ओ देते. शेजारणींना अर्थही सांगते, मान जरा उंच करून.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या गावचा रूपचंद ब्राह्मणपुरीच्या लग्नाहून आला. पंगतीत तू हसत म्हणालास म्हणे, 'दोधू तं भोळा. परीक्षामा येतीन त्या शब्दस्ना मी त्याले उलटा अर्थ सांगात, त्यानी घोकी टाकात.' पंगत हसली. मी नंदुरबारला जाऊन अख्खी डिक्शनरी पाहिली. टाकून दिलेली, जिचं कुणी उरलं नाही अशी. विशेषण तेवढं खरं सांगितलंस.

शिष्यवृत्ती तू मागितली असतीस तरी दिली असती रे. पण आता घरात हाक मारवत नाही. धनुबाई विचारते, 'मन्ही काय चूक व्हयनी?' काय सांगू?

शहाद्याच्या तुझ्या सत्कारात मी दोन शब्द बोलावेत, असं तू कळवलंस. मी येणार नाही. पण रंजनावहिनींना भेटायला म्हणून धनुबाई येणार म्हणते. तिच्यासमोर ती गंमत सांगू नकोस. एवढ्याचसाठी हे पत्र.

आणि ही कडी वाजली. तीच काठी. बाहेरून तुझं हसणं ऐकू येतंय. धनुबाई पिठाचे हात पुसत दाराकडे निघाली. तिला थांबवायला मी हाक मारली, तर तोंडून तोच शब्द गेला. इतक्या दिवसांनी ऐकून ती वळली, हसली. हात कडीवर आहे.

तुझाच,
दोधू