दिलीपने दिलेला हवाला

मंगळवार, दिवेलागणीला

सकाळी कोन गावाहून एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीला दिलीपचं स्थळ आलंय. म्हणाले, "त्याने तुमचा हवाला दिलाय, काका. पोरगा कसा हाय?" मी म्हणालो, "चांगला आहे." ते म्हणाले, "मग झालं." चहा संपवून उठले. दुसरा प्रश्नच नाही.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. दिलीप माझ्या हाताखाली कापडाच्या लूमवर होता, त्याला दहा वर्षं झाली. आता तो वळ गावच्या गोदामात आहे. मग तिथल्या कोणाचं नाव का नाही दिलं? मीच का? म्हातारा नाही म्हणणार नाही, म्हणून? बायको म्हणते, "तुम्हाला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. मग तेव्हाच बोलायचं होतं!" खरं आहे. पण कोणी आपला हवाला दिला की बरं वाटतं, आणि तोंडातून चांगलंच निघतं.

हवाला म्हणजे माझ्या शब्दावर तो माणूस मुलगी देणार. "मग झालं." इतकं सोपं?

शेवटी आत्ता त्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, "मला दहा वर्षांपूर्वीचा दिलीप माहीत आहे, आजचा नाही. वळला जाऊन विचारा."

ते म्हणाले, "वळला जाऊनच आलो होतो, काका. तिथे त्याच्याबद्दल कोन चांगला बोलत न्हाय. म्हणून तर तुमच्याकडे आलो."