कुशाबाने काढलेला जास्तीचा पट्टा

मु. मुठा, ता. ८ मे १९८४

आदरणीय जयवंतदादास,

धाकट्या चांगुणाचा सप्रेम जय भीम. वहिनींचा गुडघा कसा आहे? एरंडाची पानं बांधत नसतील तर माझं नाव सांगून बांधायला लाव. इकडे सगळी खुशाल, मी तर जरा जास्तच खुशाल. कारण दादा, माझ्या बालवाडीची खोली उभी राहिली!

दिवाळीत तू कंपनीतला तक्ता समजावलास (डावीकडे कामं, वर आठवडे, ज्या कामाला जितके दिवस तितका लांब पट्टा), तेव्हा बाई नुसती मान हलवतेय असं तुला वाटलं असेल. थोडं खरंही होतं. पण तीन पावसाळे माझी बावीस पोरं याच्या-त्याच्या पडवीत बसलीत. पंचायतीने विटा-सिमेंट दिलं तरी काम पायावरच अडलेलं, आणि कुशाबा गवंड्याला विचारावं तर, "व्हतंय की, बाई." मग मी आमच्या ओटीच्या भिंतीवर गेरूने तक्ता काढला. काम झालं की त्या पट्ट्यावर चुना फिरवायचा. वस्ती मला पट्टेवाली म्हणू लागली (सरकारी पट्टेवाल्याला निदान गणवेश तरी मिळतो). कुशाबाला अक्षर येत नाही, पण पाण्याला जाणाऱ्या बाया त्याला थांबवून सांगायच्या, "तुजा पट्टा अजून लालच हाय!" एकवीस दिवसांच्या भिंती एकोणीस दिवसांत वर गेल्या.

मग जयंती आली. चौदा एप्रिलला घर उजळ दिसावं म्हणून माझ्या सासूबाईंनी पांढऱ्या मातीने सगळी ओटी सारवून काढली. स्लॅब दोन दिवसांवर, आणि तक्ता गायब! कागदावर मी उतरवला नव्हता (हे तुझ्या साहेबांना सांगू नकोस). सासूबाई म्हणतात, "रेघोट्याच व्हत्या, परत वढ." मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात कुशाबाने गेरू उचलला. रोज त्या भिंतीपुढे बोलणी खाल्लेला माणूस, पट्टा न् पट्टा पाठ! सगळा तक्ता जसाच्या तसा काढला, फक्त स्लॅबनंतर एक लांब पट्टा जास्तीचा. हे कसलं काम, मी विचारलं.

"पानी मारायचं, चौदा दिस. तुमी चार दिसांत खालच्या फळ्या काढायला लावत व्हता. पोरांच्या डोस्क्यात आला असता स्लॅब."

दादा, तो पट्टा मी तसाच ठेवला. चौदा दिवस बायांनी पाळीपाळीने घागरी वर चढवल्या. मागल्या सोमवारी फळ्या निघाल्या, तेव्हा कुशाबा आधी एकटा खाली जाऊन उभा राहिला, मागोमाग मी. काही हललं नाही. ग्रामसेवक बघायला आले ते खोलीपेक्षा आमच्या भिंतीपुढेच जास्त रेंगाळले. कुणी काढलं म्हणाले. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या गवंड्याने.

पंधरा तारखेला बुद्धपौर्णिमेला उद्घाटन आहे. वहिनींना घेऊन नक्की ये.

तुझी,
चांगुणा

ता.क. शेवटचा पट्टाही काल पांढरा झाला, म्हणजे काम पुरतं झालं. फक्त दाराचा पट्टा काढायचं मी विसरले. कुशाबाही विसरला. चौकट आहे, दार नाही, आणि सध्या खोलीत कोंडिबाची शेळी राहते. कंपनीत मशीनच्या खोक्यांच्या फळ्या निघतात ना? साहेबांना विचारून दार करून आण. अडीच फूट रुंद, सहा फूट उंच.

आणखी एक. "जयवंतदादांच्या हस्ते दार उघडून उद्घाटन" असं पत्रिकेत छापून झालंय.