आत्या पाणी प्यायली

ट्युनिस, ३ ऑगस्ट

प्रिय भाऊ लझर यास, शादलियाचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडणावर येतो, म्हणून उम्मीने आईच्या हक्काने पत्राची अट घातली. तेव्हा लिहिते आहे. पत्र मोंजीच्या गाडीने येईल, सोबत साल्हावहिनीला कापड आहे.

आत्या तहानलेली आहे. आपल्याकडे खजुरीच्या झाडाला सगळेच आत्या म्हणतात, पण ही तर उम्मीने लग्नात माहेरून, नफ्ताहून आणलेली. वसंतात मी तिच्या खोडाला यंत्र बांधून आले, त्याची सुई आतला रस मोजते आणि इथे माझ्या खोलीत त्याचा सूर होतो. यंत्राला एक कानही आहे, आजूबाजूचं ऐकायला. महिनाभर सूर इतका बारीक झालाय की मला जेवण जात नाही. उम्मी डोळे गेल्यापासून रोज दुपारी दोन तास त्याचे हेडफोन कानाला लावून बसते. तीही म्हणाली, बाई आजारी आहे.

येत्या एप्रिलमधलं माझं सुरांचं प्रदर्शन सगळं आत्यावरच आहे. तू चिक्कू आहेस हे सगळ्या देगाशला ठाऊक आहे, पण आत्याच्या पाण्यात तरी हात आखडू नकोस.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी शादलिया


देगाश, २० ऑगस्ट

प्रिय शादलिया हिस, लझरचा सलाम. उम्मीच्या हातांचं चुंबन.

कापड पोचलं. साल्हा म्हणते, नणंदेने रंग स्वतःच्या आवडीचा घेतला आहे.

पाण्याची पाळी आता पंधरा दिवसांनी येते, तीही तीन तास. विहीर खोल गेली. आत्या बागेच्या पार टोकाला. तिच्यापर्यंत पाणी न्यायचं तर वाटेतली बावीस तरणी झाडं कोरडी ठेवावी लागतात. तू प्रत्येक पत्रात एकाच झाडाची खुशाली विचारतेस. तुझी ती सुई एकदा माझ्या कमरेत खुपस आणि कसला सूर निघतो तो ट्युनिसच्या लोकांना ऐकव.

बघतो काय जमतं ते. माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ लझर


ट्युनिस, २ मार्च

प्रिय भाऊ लझर यास, सप्रेम सलाम वि. वि.

तुझे पाय धुऊन पाणी प्यावं असं वाटतंय. डिसेंबरात यंत्र चार दिवस मुकं झालं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, पण तू तारा बदलल्यास आणि त्यानंतर आत्याचा सूर असा भरला की ऐकत राहावं. आत्या पाणी प्यायली. तुझ्या रागात माया असते हे मी विसरले होते.

आणि हो, तेव्हाच तू पाठवलेल्या टोपलीतलं जुम्मारही पोचलं होतं. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे वाऱ्याने पडलेल्या शेजाऱ्याच्या झाडाचं का असेना, खजुरीच्या शेंड्यातलं कोवळं काळीज किती वर्षांनी खाल्लं. फार गोड होतं. मी दोनदा घेतलं. उम्मीने मात्र एकच फोड घेतली आणि बराच वेळ तोंडात धरून बसली.

गेल्या आठवड्यात ती कानाला लावून एकटीच हसत होती. म्हणाली, लझर झाडावर चढतोय आणि खोकतोय, त्याला सांग तंबाखू सोड. सांगितलं बघ.

प्रदर्शनाला ये. दाराशीच पाटी असेल, ‘माझी आत्या, देगाश’. खाली तुझं नाव घातलं आहे.

लोभ ओसंडून जाऊ दे.
तुझी शादलिया


देगाश, १९ मार्च

प्रिय शादलिया हिस, सलाम.

फुलांना पराग बांधायचा हंगाम तोंडावर आहे, यायला जमणार नाही. माझं नाव पाटीवरून काढ. मला त्यात फार ओढू नकोस. उम्मीची औषधं चुकवू नकोस.

लझर


ट्युनिस, ९ नोव्हेंबर

लझर यास,

सलाम नंतर बघू.

प्रदर्शन कधीच आटोपलं; या आठवड्यात मी यंत्रातली गेल्या सबंध वर्षाची नोंद ऐकायला बसले. ऑक्टोबर आला आणि गेला. आत्यावर कुणी चढलं नाही. घोस कापल्याचा आवाज नाही, खाली चादर धरणाऱ्या बायकांचा गलका नाही. मी म्हटलं, यंदा फळ धरलं नसेल. मग मागे गेले. सबंध वर्षात तू एकदाच चढलास, फेब्रुवारीत, मादी झाडांची फुलं उमलायच्या आधी. मी शहरात राहते, पण जन्मले देगाशमध्ये. त्या दिवसांत माणूस पराग काढायला नर झाडावरच चढतो.

सांग, माझं यंत्र कुणाच्या अंगावर आहे? आणि आत्या कुठे आहे?

लोक त्या आवाजाला कान लावून रडले. एका म्हाताऱ्याने मला जवळ घेतलं. मी त्या सगळ्यांना काय ऐकवलं?

शादलिया


देगाश, २१ नोव्हेंबर

शादलिया, सलाम.

पाटाच्या तोंडाशी नर झाड आहे, त्याला बांधलं. तिथे पाणी कायम असतं. वाटलं, सूर चांगला निघेल आणि तुझी बोलणी थांबतील. थांबली.

आत्याचा शेंडा डिसेंबरात वाळायला लागला. मी तिला पाणी दिलं नव्हतं. बावीस झाडांकडे बघून दिलं नव्हतं, आणि तू विचारलंस तरी पुन्हा तेच करीन. सगळा शेंडा वाळायच्या आत तोडली. रिवाजाप्रमाणे जुम्मार वाटलं. उम्मीच्या झाडाचं, तिला वाटा न पाठवणं बरं दिसलं नसतं. शेजाऱ्याचं झाड मी चिठ्ठीत घातलं, ते खोटं.

तू स्तुती करत गेलीस आणि माझी जीभ उचलेना. यंत्र काढून मोंजीबरोबर पाठवतो. राग धर, पण तोडू नकोस.

लझर


ट्युनिस, ४ डिसेंबर

लझर यास,

मी आत्याचं काळीज खाल्लं, दोनदा वाढून घेतलं आणि वर तुला लिहिलं की गोड होतं. झाड तोडलंस ते मी एखाद दिवशी समजून घेईन. हे नाही.

तुझं पत्र उम्मीला वाचून दाखवलं. वाटलं होतं कोसळेल. तिने शांतपणे सांगितलं की तिला पहिल्या फोडीलाच कळलं होतं. नफ्ताच्या झाडाची चव तिच्या जिभेवर आहे. मग फेब्रुवारीत चढण्याचा आवाज आला आणि यंत्र कुठे आहे तेही कळलं. मी विचारलं, मग वर्षभर मला मूर्ख का बनू दिलंस. म्हणाली, आत्या टोकाला होती गं, तिथे नुसता वारा. इथे पाटावर रोज लझर येतो. तोंड धुतो, खोकतो, गाढवाला शिव्या देतो. तुला सांगितलं असतं तर तू यंत्र काढून आणलं असतंस.

म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांजवळ होतात आणि मी मध्ये बसून झाडाचं गाणं रचत होते. पाटी मी काढली. ऐकून गेलेल्यांची नावं वहीत आहेत, त्यांना खरं काय ते कळवते आहे. तुला माफ केलेलं नाही. उम्मीलाही नाही, पण तिची औषधं मी चुकवत नाही.

यंत्र काढू नकोस. आहे तिथेच राहू दे. तारा सैल झाल्या असतील तर घट्ट कर. आणि दुपारी पाटावर येशील तेव्हा गाढवाशी बोलून झालं की उम्मीलाही एक हाक मार. ती वाट बघत असते.

मी ऐकणार नाही. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात असते.

लोभाचं तूर्त विचारू नकोस.
शादलिया