आप्पांची बंदूक कुणाच्या नावावर

प्रिय भुजंगा,

तुझं पाकीट पोचलं. आप्पा गेल्यापासून पोलीस ठाण्यात जमा असलेली त्यांची बंदूक तुझ्या नावावर व्हायला माझी संमती हवी, तेवढी सही करून पाठव, म्हणतोस. धर्माबादेत शेजारच्या चंद्रप्पाशी बोळावरून तुझं रोज वाजतं. घरात बंदूक आहे म्हटल्यावर तो आवाज चढवणार नाही, असं तुझं म्हणणं. लहानपणापासून तुझं असंच, आधी ठरवायचं आणि मग अक्काला विचारायचं.

तुझं एक मला मान्य आहे. आप्पांच्या वेळी परवान्यासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागत, म्हणून आपल्या गावात ती एकच बंदूक होती. लातूर जिल्हा झाला, कचेरी जवळ आली आणि आता इथं गल्लीगल्लीत ठासणीची बंदूक आहे. त्यात हा दुष्काळ, रानडुकरं विहिरीजवळच्या कडवळाच्या हिरव्या चाऱ्यावर तुटून पडत होती. बंदुका आल्या तशी डुकरं हटली, विहिरींवरच्या मोटारींच्या चोऱ्याही थांबल्या. खोटं कशाला बोलू?

पण भांडणं कमी झाली नाहीत रे. पाण्याच्या पाळीवरून तीच माणसं, त्याच शिव्या. पूर्वी काठ्या निघायच्या, डोकं फुटायचं, मुरुडला जाऊन टाके घालून यायचे आणि पोळ्याला पुन्हा एका पंगतीत बसायचे. शिवाय ठासलेली बंदूक रिकामी करायची तर बार काढावा लागतो. दारू वाया जाते म्हणून इथं सगळे ती भरलेलीच खुंटीला लावतात, वरची ठिणगीची टोपीसुद्धा काढत नाहीत. मी किती वेळा टोकलं. बायकांना काय कळतं, म्हणून हसण्यावारी नेलं.

परवा सकाळी विहिरीवर शेजारच्या दगडोबांशी पाळीवरून जुंपली. घरातून बंदूक आणली गेली, नुसती उगारायला. ओढाओढीत बार उडाला. सोडवायला दगडोबांची बायको केवळाबाई मधे पडली होती, कळशी अजून तिच्या कमरेवरच होती. लातूरला नेईपर्यंत ती राहिली नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं मला न्हाऊ घातलं होतं, भुजंगा. भिंतीला भिंत असून मला तिचं शेवटचं तोंड पाहायला जाता आलं नाही.

कारण ती बंदूक तुझ्या दाजींची होती. कधी बैलावर हात न उगारलेला माणूस. पोलिसांच्या जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "म्या मारनार नव्हतो गं, नुसतं भ्या दाखवीत होतो." तूही पत्रात तेच लिहिलं आहेस, नुसतं भ्या दाखवायला म्हणून. तुझा कागद मी चुलीत घातला. रागाव माझ्यावर, भाऊबीजेला येऊ नकोस. चंद्रप्पाशी हवं तेवढं भांड, पण रिकाम्या हातानं भांड.

बोलणं टाकलंस तरी तुझीच,
सिंधुअक्का